होळकरी रुपया केवळ एका हुकमाने बंद पडला नाही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत होळकरांच्या नाण्यांविषयी जो सविस्तर लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावरचे सूर्यमुख, महेश्वरच्या रुपयावरचे शिवलिंग आणि बिल्वदल, तसेच अखेरच्या काळातील शिवाजीराव महाराजांची छबी असलेला यंत्रावर पाडलेला रुपया यांची छायाचित्रे सुरेख आहेत आणि वर्णनही नेमके आहे. परंतु लेखाच्या शेवटी असे म्हटले आहे की, देशी संस्थानांचे स्वतंत्र नाणे इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होते आणि म्हणून १९०२ साली एका हुकमाने त्यांनी होळकरी रुपया बंद पाडला. इंदुरातल्या व्याख्यानांतून आणि घरगुती गप्पांतूनही ही हकिकत अशीच सांगितली जाते. तिच्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणत नाही. कलकत्त्याच्या सरकारचा दबाव होताच. मात्र एवढ्यावर थांबल्यास दोन गोष्टी झाकल्या जातात. या नाण्यातली चांदी माळव्यात आली कुठून, ही एक. आणि ते नाणे गेले तेव्हा खरा तोटा कोणी सोसला, ही दुसरी. माझे आयुष्य वाणिज्य विषय शिकवण्यात गेले असल्यामुळे आणि हा विषय मला फार जवळचा असल्यामुळे हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

एकोणिसाव्या शतकातला रुपया हे सरकारने दिलेले वचन नव्हते, तर वजन आणि कस ठरवून पाडलेली चांदी होती. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. माळव्यात त्याला कलदार म्हणत. परंतु इंदूरच्या सराफ्यात कलदाराच्या जोडीने इंदुरी आणि उज्जैनी हाली (म्हणजे तिथल्या संस्थानी टांकसाळींचा चालू रुपया), राजस्थानातल्या प्रतापगडचा सालिमशाही, भोपाळी अशी कितीतरी नाणी चालत असत आणि प्रत्येकाचे वजन व कस वेगळे असल्यामुळे प्रत्येकाला वेगळा बट्टा, म्हणजे बदलून घेताना कापला जाणारा फरक, लागे. पारखी नाणे वाजवून, कसून आणि तोलून घेत असे. त्यावर कोणाचे नाव आहे याला त्याच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. खुद्द होळकरी रुपयाचेच पाहा. बादशहा शाह आलम १८०६ साली वारला, पण दुसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या कारकिर्दीतही इंदूरच्या रुपयावर त्याचेच नाव उमटत होते. सार्वभौमत्वाची मिरवणूक काढण्यासाठी नाणे पाडायचे असते, तर दिवंगत बादशहाचे नाव इतकी वर्षे कोणी ठेवले नसते. ते नाव ठेवले गेले, कारण बाजाराला ओळखीचे रूप हवे असते आणि टांकसाळीला बाजाराचा विश्वास हवा असतो.

माळव्यात चांदीची खाण नाही. आपल्या रुपयातली चांदी समुद्रापलीकडून येत असे आणि तिचा मोठा भाग मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतून निघालेला असे. स्पेनच्या आणि पुढे मेक्सिकोच्या टांकसाळींत पाडलेला आठ रियालचा डॉलर हे त्या शतकाच्या पूर्वार्धात सगळ्या पूर्वेकडच्या व्यापाराचे नाणे होते. कॅन्टनच्या चिनी सराफांनी तपासून आपला शिक्का ठोकलेले असे डॉलर आजही संग्राहकांकडे दिसतात. हे डॉलर आणि चिनी चांदीच्या लगडी मुंबईला येत, तिथल्या टांकसाळीत वितळत आणि कलदार होऊन बाहेर पडत.

ही चांदी चीनमधून आपल्याकडे यावी असे आपण चीनला काय विकत होतो, या प्रश्नाचे उत्तर इंदूरकरांनी स्पष्टपणे द्यायला हवे. आपण अफू विकत होतो. मंदसौरच्या १८१८ च्या तहानंतर इंदूर राजधानी झाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत तिची जी भरभराट झाली, तिच्यात माळव्याच्या अफूचा वाटा फार मोठा होता. बंगाल-बिहारात अफू ही कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याने ती सरकारलाच विकायची असा नियम होता. माळव्यात मात्र संस्थाने होती, त्यामुळे कंपनीचा तसा हुकूम इथे चालत नव्हता. कंपनीने आधी इथला सगळा माल स्वतः खरेदी करून पाहिला. ते जमेना, तेव्हा १८३० च्या सुमारास तिने तो नाद सोडला आणि मुंबई बंदराकडे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवान्याचे शुल्क बसवले. त्यासाठी इंदुरात अफू एजंट बसला, काटे लागले, आणि १४० पौंडांच्या पेटीमागे सुरुवातीला १७५ रुपये घेतले जाऊ लागले. व्यापारी हे शुल्क चुकवण्यासाठी पाली, जैसलमेरवरून कराची आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला माल नेत. म्हणून १८३५ साली शुल्क १२५ वर उतरवावे लागले. पुढे १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, ती वाट बुजली, आणि मग शुल्क चढतच गेले: त्याच वर्षी २००, १८४५ साली ३००, १८४७ साली ४०० आणि १८६१ साली तर ७०० रुपये. एका वाटेच्या बंद होण्याने केवढा फरक पडला हे या आकड्यांवरून दिसते. माझ्या मते माळव्याचा आर्थिक इतिहास शिकवायला यापेक्षा चांगला धडा नाही, आणि तो आमच्या एकाही शालेय पुस्तकात नाही याची मला खंत आहे.

१८३० च्या दशकात काही वर्षी माळव्याच्या पेट्या बंगालच्या पेट्यांपेक्षा जास्त संख्येने चीनला गेल्या. त्यांच्या बदल्यात आलेल्या चांदीपैकी काही कॅन्टनलाच चहाच्या खरेदीत जिरे, काही मुंबईला येई आणि तिथून हुंड्यांच्या वाटेने इंदूर, उज्जैन, रतलामच्या पेढ्यांवर उतरे. तिकडे चीनमध्ये मात्र चांदीचा दुष्काळ पडला. पूर्वी एक ताएल (चिनी वजन) चांदीला सुमारे हजार तांब्याची नाणी पडत, ती १८४० च्या दशकात दोन हजारांच्या घरात गेली. चिनी शेतकरी धान्य विकून तांबे मिळवी आणि सारा मात्र चांदीच्या हिशेबाने भरी. म्हणजे त्याचा सारा न वाढताच जवळपास दुप्पट झाला. आयुक्त लिन झेशू यांनी १८३९ साली वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, त्यांत माळव्याच्याही होत्या. त्यावरून युद्ध झाले आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनवर २ कोटी १० लाख चांदीच्या डॉलरांचा बोजा पडला. माळव्याच्या शेतात बोंडाला चिरा देणाऱ्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते. तो सावकाराकडून उचल घेऊन पेरणी करत होता आणि चीक त्याच सावकाराला देत होता. परंतु ज्या रुपयांचा अभिमान आपण आज मिरवतो, त्यांच्यामागे ही सगळी साखळी आहे हे आपल्याला माहीत असताना ते न सांगणे मला योग्य वाटत नाही.

अफूच्या जोडीला १८६१ ते १८६५ या काळात कापूस आला. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत चांदीचा पूर लोटला. माळवा-निमाडचा कापूसही त्या भावाने विकला गेला. मुंबईतल्या सट्ट्याची आणि १८६५ च्या बुडीची कथा सर्वपरिचित असल्यामुळे ती इथे सांगत नाही. त्या तेजीतला पैसा इथल्या पेढ्यांतही खेळला, आणि संस्थानची कापडगिरणीही त्याच दशकातल्या हालचालींतून उभी राहिली.

दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणण्यासाठी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने आणि साडेचार टक्के व्याजाने, ही गोष्ट आपल्या लेखात अभिमानाने सांगितली आहे आणि अभिमान बाळगावा अशीच ती आहे. एक कोटी कलदार म्हणजे सुमारे १०७ टन शुद्ध चांदी. पण याच्या पुढचा हिशेब लेखात नाही. त्या वेळी एका रुपयाला लंडनमध्ये सुमारे २३ पेन्स मिळत (२४० पेन्सांचा एक पौंड), म्हणजे हे कर्ज साडेनऊ लाख पौंडांहून थोडे अधिक होते. बावीस-तेवीस वर्षांनी रुपया १५ पेन्सांवर आला, तेव्हा तीच रक्कम सव्वासहा लाख पौंडांची उरली. त्याच काळात ज्या इंग्रज भागधारकांनी इथल्या जुन्या रेल्वे कंपन्यांत पैसे घातले होते, त्यांना सरकारने हमी दिलेले पाच टक्के व्याज लंडनमध्ये सोन्याच्या पौंडांत मिळत होते. एकाच देशातल्या दोन लोहमार्गांसाठी दोघांनी पैसे दिले. ज्याने चांदी दिली त्याच्या पैशाची किंमत जागतिक बाजारात घटत गेली आणि ज्याने सोने दिले त्याचे केसभरही नुकसान झाले नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात साठवलेल्या खजिन्याचे, म्हणजे गंगाजळीचेही तेच. जयाजीराव शिंद्यांच्या निधनानंतर तिथल्या दरबाराने १८८७ साली सरकारला साडेतीन कोटींचे कर्ज दिले, पण तोवर तळघरांत पडून राहिलेल्या त्या चांदीची सोन्यातली किंमत मूळच्यापेक्षा बरीच उतरलेली होती.

चांदी एवढी का घसरली? १८७० पर्यंत साडेपंधरा तोळे चांदीला एक तोळा सोने हा भाव युरोपात पुष्कळ वर्षे टिकून होता, कारण फ्रान्स आणि त्याच्या शेजारी देशांच्या टांकसाळी दोन्ही धातू ठरलेल्या दराने घेत असत. फ्रान्सचा पराभव करून जर्मनीने १८७१ ते १८७३ च्या दरम्यान सोन्याचे चलन स्वीकारले आणि आपली जुनी चांदी बाजारात विकायला काढली. अमेरिकेने १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर पाडणे थांबवले. फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी आधी चांदीच्या नाण्यांवर मर्यादा घातली आणि १८७८ साली ती पाडणे बंदच केले. नेमक्या याच वेळी अमेरिकेतल्या नेवाडाच्या खाणींतून चांदीचा वर्षाव होत होता. लंडनमध्ये औंसाला सुमारे ६० पेन्स असलेला भाव १८९३ च्या उन्हाळ्यापर्यंत ३८ पेन्सांवर आला. युरोपने जी चांदी नाकारली ती घ्यायला मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळी मात्र उघड्या होत्या. कोणीही चांदी न्यावी, दोनेक टक्के खर्च द्यावा आणि रुपये घेऊन यावेत, असा नियम होता.

यामुळे इथल्या माणसाचे नुकसान झाले का, हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. जो फक्त रुपयांत कमावत होता आणि रुपयांत खर्च करत होता, त्याला लंडनच्या भावाशी थेट कर्तव्य नव्हते. त्याच्या घरातली चांदी आणि त्याच्या कमरेचे रुपये एकाच वेगाने उतरत होते. शंभर तोळ्यांचे कडे-तोडे मोडले तर शंभराच्या आसपास रुपये त्याला १८७२ साली मिळत होते आणि १८९२ सालीही मिळत होते. उलट गहू आणि कापूस बाहेर विकणाऱ्यांचा काही काळ फायदाच झाला, आणि मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनमध्ये खपू लागले, कारण दोन्ही देशांचे चलन चांदीचेच होते. अडचणीत होते ते सरकार. पेन्शनी, कर्जावरचे व्याज, लष्कराचा खर्च, लोहमार्गांची हमी यांपोटी दरवर्षी लंडनला सोन्यात पैसे पाठवावे लागत. १८९२-९३ साली ही रक्कम सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड होती आणि तिच्यासाठी २६ कोटींहून अधिक रुपये मोजावे लागले. १८७३-७४ च्या भावाने तेच काम पावणेअठरा कोटींत झाले असते. पगार रुपयांत मिळणारे आणि मुलाबाळांना विलायतेत पैसे पाठवणारे गोरे अधिकारीही ओरड करत होते.

२६ जून १८९३ रोजी सरकारने दोन्ही टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. यापुढे रुपये पाडायचे की नाही, किती पाडायचे, हे सरकार ठरवणार, आणि रुपयाची किंमत १६ पेन्सांपर्यंत चढवून तिथे धरून ठेवायची, असे ठरले. आठवडाभरातच लंडनमध्ये चांदी ३८ वरून ३० पेन्सांवर कोसळली. अमेरिकेने त्याच नोव्हेंबरात सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द केला आणि भाव आणखी खाली गेला. रुपया मात्र आता चांदीपासून वेगळा झाला होता, आणि काही वर्षांच्या चढउतारानंतर १८९८ च्या सुमारास तो खरोखरच १६ पेन्सांवर स्थिरावला. तेव्हा लंडनच्या भावाने एका रुपयातली चांदी सुमारे दहाच आण्यांची उरली होती.

माझ्या दृष्टीने इंदुरी हालीचे भवितव्य टांकसाळी बंद झाल्या त्याच दिवशी, १८९३ साली ठरले, १९०२ साली नव्हे. तोवर हाली आणि कलदार ही दोन्ही चांदीचीच नाणी असल्यामुळे त्यांच्यातला बट्टा वजन आणि कसाच्या फरकाएवढा राही. १८९३ नंतर कलदार सोन्याच्या भावाला बांधला गेला, आणि हाली मात्र निव्वळ चांदीच राहिला. मुंबईच्या आडत्याला कलदारात देणे असलेला आणि गावोगावची वसुली हालीत करणारा इंदूरचा व्यापारी या वाढत्या दरीत सापडला. संस्थानची अवस्थाही वेगळी नव्हती. बाहेरून घ्यायचे सगळे सामान, यंत्रे, रेल्वेचे भाडे कलदारात आणि सारा हालीत. अशा स्थितीत स्वतंत्र टांकसाळ ठेवण्यात मान कितीही असला तरी पैशाच्या दृष्टीने ती तोट्याची झाली होती. भोपाळ, काश्मीर, बडोदा या संस्थानांनी त्याच काही वर्षांत कलदार स्वीकारला आणि पाठोपाठ १९०२ साली इंदूरनेही. शेजारच्या धार आणि देवास संस्थानांची तांब्याची नाणी तर १८७६ च्या कायद्याखाली आधीच इंग्रजी टांकसाळीत, राणीच्या मुखवट्यासह पाडली गेली होती. हुकूम निघाला हे खरे. पण तो निघाला तेव्हा बाजाराने हालीला आधीच मागे टाकले होते, आणि बाजारावर ही पाळी आणणारा निर्णय नऊ वर्षांपूर्वी लंडन आणि सिमल्यात झाला होता.

आता तोट्याविषयी. महाराजांचे नाणे गेले म्हणून आपण हळहळतो, परंतु त्याहून मोठे नुकसान गावांतल्या घरांचे झाले आणि त्याचा उल्लेख कोणी करत नाही. बँका नसलेल्या मुलखात शेतकऱ्याची शिल्लक म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी होती: वाळे, तोडे, हसली, कंदोरा. चांगल्या वर्षी घडवायचे आणि वाईट वर्षी मोडायचे. ती चांदी सराफामार्फत शेवटी मुंबईच्या टांकसाळीत पोहोचून रुपया होऊ शकत होती, म्हणूनच तिला रुपयाचा भाव होता. १८७७ च्या दुष्काळानंतर दख्खनमधले असे कितीतरी दागिने मुंबईच्या टांकसाळीत वितळले गेले आणि त्या रुपयांनी लोकांनी धान्य घेतले. १८९३ नंतर ते दार बंद झाले. जे शंभर तोळे काल शंभर रुपयांचे होते, ते आता त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे सदुसष्टाच्या आसपास रुपयांचे उरले, आणि साराही पूर्वीएवढाच, सावकाराचे कर्जही पूर्वीएवढेच, तेही आता महाग झालेल्या रुपयात. लोकांना न विचारता आणि एकही कर न बसवता त्यांच्या बचतीतला तिसरा हिस्सा नाहीसा करण्यात आला.

आणि याच्या पाठोपाठ छप्पनिया आला. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा तो दुष्काळ माळव्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. इंदूर संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे ११ लाख होती, ती १९०१ साली साडेआठ लाखांवर आली. बडोदा संस्थानात ती २४ लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर उतरली. पाऊस पडला नाही, रोगराई आली, ही मुख्य कारणे आहेतच आणि चांदीला मी त्यांच्या जागी बसवत नाही. परंतु सगळे गाव एकाच वेळी दागिने मोडायला निघाले असताना, ज्या चांदीला सात वर्षांपूर्वी सरकारी टांकसाळीचा आधार होता ती आता गावच्या सराफाच्या मर्जीवर विकावी लागत होती, ही गोष्ट त्या काळाच्या वर्णनात आलीच पाहिजे. आजवर आमच्याकडच्या छप्पनियाच्या हकिकतींत ती मला क्वचितच आढळली आहे.

आणखी एक तपशील इथे नोंदवावासा वाटतो. १८९५ पासून मुंबईच्या त्याच टांकसाळीत हाँगकाँग आणि मलायाच्या व्यापारासाठी चांदीचा ब्रिटिश डॉलर पाडला जाऊ लागला. त्याच्या एका बाजूला हाती त्रिशूळ आणि ढाल घेतलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी लिपीतली अक्षरे. बँकांनी आणलेल्या चांदीचे डॉलर तिथे पाडले जात होते आणि माळव्याच्या किंवा खानदेशच्या बाईच्या तोड्यांचा रुपया मात्र तिथे होत नव्हता. चीनचे चलन चांदीचेच राहिल्यामुळे आपल्या व्यापाऱ्यांनाही याची झळ बसली. मुंबईचे सूत आणि माळव्याची अफू चीनमध्ये चांदीच्या डॉलरांत विकली जाई, आणि त्या डॉलरांचे पूर्वीपेक्षा कमी रुपये येऊ लागले. अफूची ही झळ मला दुःखाची वाटत नाही. ती निर्यात पुढे चीनशी झालेल्या १९०७ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने थांबली हे चांगलेच झाले. पण सूतगिरण्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

या निर्णयाला त्या वेळी विरोध झाला नाही असे नाही. दादाभाई नौरोजींनी टांकसाळी बंद करण्याला ठाम विरोध केला. सरकारची अडचण रुपया स्वस्त झाल्याची नसून विलायतेला जाणाऱ्या रकमेची आहे, आणि रुपया महाग करणे म्हणजे रयतेकडून तेवढाच अधिक माल काढून घेणे आहे, ही त्यांची बाजू होती. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इथून जवळच महू येथे १८९१ साली जन्मलेले आणि बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडन विद्यापीठाच्या पदवीसाठी रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. घसरत्या चांदीला टांकसाळ उघडी ठेवावी असे त्यांचे मत नव्हते. त्यांचा आक्षेप पुढच्या व्यवस्थेवर होता. रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या हाती अनिर्बंध राहिला तर किमती स्थिर राहणार नाहीत, म्हणून टांकसाळ जशी लोकांना बंद तशी सरकारलाही बंद असावी, असे त्यांनी मांडले. माझा स्वतःचा कल दादाभाईंच्या बाजूला आहे. टांकसाळी केव्हातरी बंद कराव्या लागल्या असत्या हे मला मान्य आहे. परंतु लोकांच्या अंगावरच्या चांदीचे काय होणार याचा विचार न करता आणि त्यांना काही मुदत न देता ज्या रीतीने त्या बंद केल्या, त्या रीतीचे समर्थन कोणत्याही अर्थशास्त्राने होत नाही. महूला जयंतीच्या दिवशी लाखो लोक येतात. त्यांच्यापैकी आणि आपल्या वाचकांपैकी थोड्यांनी जरी बाबासाहेबांचे हे काम आपल्या माळव्याच्या इतिहासाशी जोडून वाचले, तरी पुष्कळ गोष्टी उलगडतील.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, आपल्या शहरातल्या संग्रहालयांत आणि नाणेप्रदर्शनांत रुपयाखाली राजाचे नाव आणि साल एवढेच न लिहिता त्याचे वजन, कस आणि त्या काळचा कलदाराशी असलेला भावही लिहावा. नाण्यावरची चिन्हे पाहून मुले खूश होतात आणि पुढे जातात. भाव लिहिलेला असेल तर ती प्रश्न विचारतील.

दुसरी विनंती वाचकांना आहे. इंदूर, उज्जैन, देवास, धार इथल्या जुन्या पेढ्यांवरच्या आणि सरदार-जहागीरदारांकडे फडणिशी केलेल्या घराण्यांतल्या रोजकीर्दी, खतावण्या आणि हुंड्यांच्या नकला अजूनही माळ्यांवर पडून आहेत. घर पाडून नवी इमारत बांधताना त्या रद्दीत जातात. १८९० ते १९०२ या वर्षांच्या वह्यांत हाली-कलदाराचा रोजचा बट्टा, चांदीचा तोळ्याचा भाव आणि मोडीला आलेल्या दागिन्यांच्या नोंदी असण्याचा संभव फार आहे, आणि वर मी जे मांडले आहे ते तपासून पाहण्याचा, वाटल्यास खोडून काढण्याचा, तोच खरा मार्ग आहे. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी त्या फेकून देण्याआधी निदान त्या वर्षांच्या पानांची छायाचित्रे विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा आपल्या कार्यालयाकडे पाठवावीत. मजकूर मोडी लिपीत असेल तर तो वाचून बाळबोधीत उतरवून देण्याचे काम मी विनामूल्य करीन; माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवलेला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर